पंखापाम घरी लावायचाय? आधी त्याचा शेंडा समजून घ्या

ट्रेनच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना झालेले आढेवेढे कमी केलेत, भाषा मात्र तीच ठेवलीय.

विषय आहे पंखापाम. म्हणजे काय? पामची पानं ढोबळमानाने दोन तऱ्हेची असतात. माड, पोफळ, शिंदी यांचं पान पिसासारखं: मधे लांब दांडा आणि दोन्ही बाजूंना पाती. दुसरी तऱ्हा पंख्यासारखी. देठाच्या टोकाशी एका जागेवरून सगळ्या घड्या पसरतात, जपानी हातपंखा उघडावा तशा. आपल्या ओळखीचा पंखापाम म्हणजे ताड. उन्हाळ्यात ताडगोळे खाता ना, त्याचाच. (भेरली माडाची पानं माशाच्या शेपटीसारखी असतात. तो वेगळाच गडी आहे, त्याला आज सोडून देऊ.)

या पंखापामांमध्ये काही जाती इतक्या देखण्या आणि इतक्या दुर्मीळ आहेत की रील बघून लोक वेडे होतात. मग ऑनलाइन बिया मागवतात, कुंडीत पेरतात आणि दोन महिन्यांनी मला मेसेज करतात, "दादा, काहीच उगवलं नाही."

तसाच एक मेसेज या एपिसोडचं निमित्त ठरला. एका श्रोत्याने फोटो पाठवला. काळ्या धाग्यात ओवलेल्या, गुळगुळीत, गोट्यांसारख्या बिया. "या बजरबट्टूच्या बिया आहेत. जगातला सगळ्यात मोठा फुलोरा याच झाडाला येतो असं वाचलं. गच्चीत ड्रममध्ये लावू का?"

उत्तर दोन शब्दांत द्यायचं तर "उगवणार नाहीत." पण "का नाही" हे सांगताना पंखापामबद्दलचं जवळजवळ सगळंच सांगून होतं, म्हणून हा अख्खा एपिसोड.

बजरबट्टू म्हणजे श्रीताल या पामची बी. शास्त्रीय नाव कोरिफा अम्ब्राक्युलिफेरा, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ छत्री धारण करणारा. मलबारचा किनारा आणि श्रीलंका हे याचं घर. केरळात याला कुडप्पना म्हणतात, म्हणजे छत्रीचा ताड, आणि पूर्वी तिथे याच्या पानांच्या खरोखरच छत्र्या करत. जुन्या पोथ्या आपण सरसकट "ताडपत्रावरच्या" म्हणतो, पण त्यातल्या कितीतरी श्रीतालाच्या पानांवर लिहिल्या आहेत. ते पान साध्या ताडापेक्षा पातळ आणि लवचीक, म्हणून लिहायला सोयीचं. बिया लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. मोठं झालेलं झाड २५ मीटरपर्यंत जातं आणि एकेक पान ५ मीटर रुंद होऊ शकतं. तुमची बेडरूम डोळ्यांसमोर आणा. पान तिच्यापेक्षा मोठं आहे.

धाग्यात ओवायची तर बीला आरपार भोक पाडावं लागतं. त्याआधी ती वाळवतात, घासून पॉलिश करतात. पामची बी म्हणजे गहू-हरभऱ्यासारखा डब्यात टिकणारा दाणा नाही. बहुतेक उष्ण प्रदेशातल्या पामांची बी आतून पूर्ण वाळली की मेलीच. त्यामुळे बजरबट्टूची माळ गळ्यात शोभते, कुंडीत नाही.

आता मूळ मुद्दा. आंबा छाटला की चार फुटवे येतात, जास्वंद छाटली की आठ. पाम हा झाडासारखा दिसत असला तरी नात्याने गवत-बांबूच्या बाजूचा. त्याच्या खोडात आंब्यासारखा दरवर्षी जाडी वाढवणारा थर नसतो. म्हणून खोडाला खिळा ठोकला, कोयता लागला, तर ती जखम भरून येत नाही, जन्मभर तशीच राहते. आणि वाढायला जागा एकच, शेंडा. मधोमध, पानांच्या देठांच्या गर्दीत लपलेला एक कोंब. गुच्छाने वाढणारे काही पाम सोडले तर तो कोंब गेला की झाड गेलं, मग खाली खोड कितीही धडधाकट असो.

श्रीतालाने तर हे टोकाला नेलंय. तो ३० ते ८० वर्षं नुसता वाढतो, खोडात पिठूळ अन्न साठवतो. मग एक दिवस त्याचा तोच एकुलता एक कोंब पान काढायचं थांबवतो आणि त्याचाच फुलोरा होतो. ६ ते ८ मीटर उंच, लाखो बारक्या फुलांचा. फळं पिकायला वर्षभर लागतं. साठवलेलं सगळं अन्न त्यात खर्च होतं, नवीन पान काढायला कोंब उरलेला नसतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. यात शाप नाही, अपशकुन नाही. हा हिशेब आहे, आणि त्याच्या बदल्यात हजारो बिया मिळतात.

पण माणसाला हिशेब दिसत नाही, मरण दिसतं. कर्नाटकच्या किनारी भागात असा समज आहे की फुललेला श्रीताल गावावर अरिष्ट आणतो. म्हणून फुलोरा येणार असं वाटलं की झाड तोडतात. विचार करा: पन्नास वर्षं थांबून झाड आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं बी धरणार, आणि नेमकं तेव्हाच आपण कुऱ्हाड घालणार. असं चार-पाच वेळा झालं की त्या गावातून झाड कायमचं संपलं. कारण मागे कलम नाही, फुटवा नाही, काही नाही.

ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही, असं घडलेलं आहे. श्रीतालाचा एक सख्खा भाऊ बंगालमध्ये होता, कोरिफा तालिएरा. तोही पंखापाम, तोही एकदाच फुलून मरणारा. रानात उरलेलं त्याचं शेवटचं माहीत असलेलं झाड पश्चिम बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यात, शांतिनिकेतनच्या परिसरात होतं. १९७९ मध्ये त्याला फुलोरा येऊ लागला. गावकऱ्यांना तो विचित्र प्रकार भुताच्या ताडासारखा वाटला आणि त्यांनी झाड पाडलं. बी धरायच्या आधी.

सुदैवाने ढाका विद्यापीठाच्या आवारात त्याच जातीचं एक झाड उभं होतं. ते नेमकं कोणतं आहे हे कळलं तोवर २००० साल उलटून गेलं होतं. २००८ मध्ये ते फुललं, फळं धरली आणि नेमाप्रमाणे मेलं. पण या वेळी लोक वाट बघत होते. बिया गोळा केल्या, रोपं केली, ती ठिकठिकाणी लावली. आज ही जात "रानातून नामशेष" या वर्गात आहे. म्हणजे जी काही उरलीय ती माणसाने लावलेल्या झाडांमुळे. कॅम्पसमध्ये, बागेत, कुणाच्या तरी परसात.

म्हणून घरच्या बागेतल्या दुर्मीळ पामकडे मी फक्त शोभा म्हणून बघत नाही. आणि म्हणूनच "कुठला लावू" याचं उत्तर देताना थोडा कडक होतो.

फ्लॅटची बाल्कनी असेल, सकाळचं कोवळं ऊन किंवा नुसता उजेड येत असेल, तर लिकुआला ग्रँडिस घ्या. मूळचा वानुआतू आणि सॉलोमन बेटांवरचा. पान अखंड, जवळपास गोल, घड्याघड्यांचं, कडेला दाते. इस्त्री केलेल्या प्लीटेड स्कर्टसारखं म्हणा हवं तर. उंची फार तर ३ मीटर आणि तीही अनेक वर्षांनी. आता मुंबई-पुण्याच्या चांगल्या नर्सरीत मिळतो, म्हणजे फार दुर्मीळ राहिलेला नाही, पण सुरुवात याच्यापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. याला तीन गोष्टी खुपतात: दुपारचं ऊन, सुसाट वारा (अखंड पान फाटतं) आणि क्षाराचं बोअरचं पाणी (कडा करपतात). आमच्या चिकूच्या झाडाखाली दोन आहेत. पावसाळ्यात साठवलेलं पाणी जिथवर पुरतं तिथवर त्यांना तेच घालतो. हिवाळ्यात पारा १० अंशांच्या खाली जातो अशा गावात मात्र कुंडी घराच्या भिंतीशी ओढून घ्या.

याच्या पुढची पायरी म्हणजे केरिओडॉक्सा एलेगन्स. थायलंडच्या दक्षिणेकडचा, फुकेतच्या बाजूचा. जगाला शास्त्रीय नावाने त्याची ओळख झाली ती १९८३ मध्ये, म्हणजे तुमच्या आईबाबांच्या लहानपणी. अख्ख्या प्रजातिकुळात ही एकच जात. पान वरून गडद हिरवं, खालून पांढरंशुभ्र. वाऱ्याने उलटलं की चमकतं. नर झाड वेगळं, मादी वेगळी, त्यामुळे एकच लावून बी मिळणार नाही. सावली आणि दमट हवा असेल तर कोकण-गोव्यात जमतो.

आणि मग ते, ज्याच्यासाठी लोक खिसा रिकामा करतात: जोहानेसटाइसमानिया. नाव म्हणताना जीभ अडखळते, म्हणून जगभरचे शौकीन त्याला जोई म्हणतात. बोगोरच्या बागेत काम केलेल्या टाइसमान या डच वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलंय. मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या दाट जंगलात जमिनीलगत वाढतो. माणसापेक्षा उंच, चौकटच्या पत्त्यासारखं अखंड पान. तिकडे या पानांनी घरं शाकारतात. दिसायला लाजवाब, पण स्पष्टच सांगतो: पुणे, नाशिक, संभाजीनगरला मार्च-एप्रिलचा कोरडा वारा याला उभा जाळतो. रोज दहा वेळा स्प्रे मारून तो जगवायचा हट्ट मला पटत नाही.

तिकडच्या लोकांसाठी बिस्मार्किया आहे ना! मादागास्करचा, चांदीसारख्या निळसर पानांचा, ऊन आणि कोरडी हवा सोसणारा. रिसॉर्टच्या गेटवर पाहिला असेल. विदर्भाच्या उन्हातही तग धरेल. फक्त जागा लागते, आणि एकदा जमिनीत लावला की हलवायचा नाही. मुळं दुखावली की हा रुसतो तो कायमचाच.

माझा लाडका मात्र वेगळाच आहे: रावणताड. हायफीनी डायकोटोमा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा पंखापाम. दीवला नागोआ बीचवर गेला असाल तर पाहिलाच असेल, तिथे त्याला होका म्हणतात. मघाशी म्हटलं ना की पामला एकच शेंडा असतो, हा त्याला अपवाद. याच्या खोडाला दोन फांद्या फुटतात, त्या प्रत्येकीला पुन्हा दोन, आणि प्रत्येक टोकावर पानांचा एक डोकं वाटावा असा झुबका. अनेक डोक्यांचा म्हणून रावण. खारा वारा, रेताड जमीन, कडक ऊन, सगळं चालतं. देठांना काटे असतात, तेवढं सांभाळा. आपण थायलंड-मादागास्करचे पाम शोधत फिरतो आणि आपल्याच किनाऱ्यावरचं हे झाड नर्सरीत विचारलं तर माळी तोंडाकडे बघत राहतो. अलिबागपासून वसई-डहाणूपर्यंत ज्यांचं घर समुद्राजवळ आहे, त्यांनी हा पहिला लावावा.

श्रीताल? तो फक्त ज्यांच्याकडे मोकळी जमीन आहे त्यांनी. पूर्ण वाढीला दहा-बारा मीटर व्यासाचं मोकळं आभाळ लागतं. वर विजेची तार नको, जवळ छप्पर नको. गच्चीतला ड्रम म्हणजे त्याच्यासाठी बालवाडी. काही वर्षं राहील, मग पुढे काय याचा विचार पेरायच्या आधीच करायचा.

आता पेरणी. ताजं बी हीच निम्मी लढाई. झाडाखाली पडलेलं, गर अजून ओला असलेलं फळ मिळालं तर सोनं. गर काढून टाका (हातमोजे घाला, काही पामांच्या गराने हाताला भयंकर खाज सुटते), दोन-तीन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. मग ओलसर कोकोपीट घ्या. ओलसर म्हणजे मुठीत दाबलं तर चिकटेल पण थेंब गळणार नाही. झिपच्या पिशवीत कोकोपीट आणि बिया घालून ती घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. ३० अंशांच्या आसपास तापमान हवं. कोकणात ते फुकट मिळतं. युरोपातले शौकीन यासाठी विजेची गादी वापरतात, बिचारे. आठवड्यातून एकदा डोकवा, बुरशी दिसली तर बिया धुऊन कोकोपीट बदला. बाकी थांबा. काही बिया काही आठवड्यांत उगवतात, काही कित्येक महिने घेतात. या काळात बी उकरून बघायची हौस आवरा.

श्रीताल, ताड, रावणताड, बिस्मार्किया यांचं उगवणं मोठं गमतीचं असतं. बीमधून आधी एक जाड दोरीसारखा कोंब निघतो आणि तो वर न येता सरळ जमिनीत खाली जातो. रोप त्या दोरीच्या टोकाशी, बीपासून बरंच दूर तयार होतं आणि मग वर येतं. उन्हाळ्याच्या कोरड्या वरच्या थरापासून बाळाला खाली सुरक्षित न्यायची ही युक्ती. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की पसरट कुंडी चालणार नाही. कोंब तळाला आपटतो आणि वेडावाकडा होतो. लांब, उभी पिशवी घ्या, किंवा प्लंबरकडून चार-सहा इंची पीव्हीसी पाइपचे उरलेले दीड-दोन फुटांचे तुकडे आणा, खाली जाळी बांधा. स्वस्त आणि मस्त. मी हेच वापरतो.

उगवल्यावर पहिलं पान येईल ते पंख्यासारखं नसेल. साधी पट्टी, गवतासारखी. दुसरंही तसंच. माझ्या श्रीतालाला तिसरं वर्ष चालू आहे आणि बघणारे विचारतात, "हा काय, माडाचा रोपा?" पंखा यायला वेळ लागतो. आणि खोड दिसायला तर फारच. पाम आधी जमिनीलगत आपली जाडी पूर्ण करतो, मग उंची घेतो. जाडी नंतर वाढवता येत नाही ना, म्हणून. ही वर्षं बाहेरून "काहीच होत नाहीये" अशी दिसतात. त्याच काळात लोक कंटाळून पाणी घालायचं विसरतात.

याच पट्टीपानांचा फायदा फसवणारे घेतात. दोन पट्ट्यांचं रोप लिकुआलाचं की साध्या चायना पामचं, हे फोटोवरून भल्याभल्यांना सांगता येत नाही. हजार-दोन हजार मोजायचे असतील तर निदान एक पंख्याचं पान उघडलेलं रोप घ्या, आणि विकणाऱ्याला आईझाडाचा फोटो मागा. निळ्या-जांभळ्या पानांच्या पामचे फोटो दाखवले तर सरळ ब्लॉक करा.

परदेशातून "गिफ्ट" लिहून बियांचं पाकीट मागवणं हाही प्रकार चालतो. तो करू नका. भारतात बिया-रोपं आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हे नुसतं सरकारी कागदकाम वाटतं, पण सोंड्या भुंग्याचा इतिहास बघा. हा आपल्या दक्षिण आशियातला कीडा. १९८० च्या दशकात तो आखाती देशांत पोचला आणि पामच्या रोपांबरोबर फिरत फिरत तिथल्या खजुराच्या बागा पोखरत गेला. उलट्या दिशेने आपल्या माडांवर असंच काही आणणारे आपण नको.

माती आणि पाण्याचं थोडक्यात. आमच्याकडे चार महिने धो-धो आणि आठ महिने कोरडं, त्यामुळे कुंडीतली माती पावसात निचरा करणारी आणि उन्हाळ्यात ओल धरणारी, दोन्ही हवी. कोकोपीट, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, जाडसर वाळू किंवा जांभ्याची बारीक खडी, थोडं भाताचं तूस. नारळाच्या सोडणांचे तुकडे तळाला. खाली बशी ठेवायची असेल तर जून ते सप्टेंबर ती उचलून ठेवा.

खताबद्दल एकच गोष्ट नीट सांगतो, कारण ती सगळे उलट करतात. पामची जुनी, खालची पानं पिवळी-नारिंगी होऊन ठिपके पडायला लागले की तो बहुतेक वेळा पालाश कमी पडल्याचा निरोप असतो. आपल्या जांभ्याच्या जमिनीतून पावसात पालाश वाहून जातं. झाड मग काय करतं, तर जुन्या पानातलं पालाश काढून नव्या पानाला देतं. आणि आपण? "घाण दिसतं" म्हणून ते जुनं पान कापतो. म्हणजे झाडाचा डबाच पळवतो. मग पुढचं पान लवकर पिवळं पडतं, तेही कापतो. पान पूर्ण तपकिरी, वाळकं होईपर्यंत हात लावू नका. पालाशयुक्त खत थोडं थोडं द्या, जोडीला मॅग्नेशियम सल्फेट. पानाच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा दिसत असेल तर मॅग्नेशियम कमी पडतंय असं समजा.

हिरवं पान न कापण्याचं दुसरं कारण म्हणजे पुन्हा तोच सोंड्या भुंगा. ताज्या जखमेचा वास त्याला ओढतो आणि मादी तिथेच अंडी घालते. आत अळ्या पोखरत राहतात, बाहेरून झाड ठीक दिसतं. खोडावर तपकिरी चिकट द्रव ओघळला, आतून कुरतडल्यासारखा आवाज आला, मधलं पान कललं, की समजायचं फार उशीर होतोय. त्याचा साथीदार गेंडा भुंगा वरून येतो, मधलं मिटलेलं पान पोखरतो. ते पान उघडलं की कागदाची घडी घालून कात्रीने कापावी तशी नक्षी दिसते. हा शेणाच्या उकिरड्यात वाढतो, त्यामुळे शेणखताचा खड्डा पामपासून लांब ठेवा. माडवाले पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू भरतात, तोच उपाय इथेही करा. लहान रोपाला चिमूटभर पुरते.

तिसरा शत्रू म्हणजे शेंड्यात साचलेलं पाणी. पागोळ्याखाली कुंडी ठेवली की पावसाळाभर कोंबावर धार पडते आणि कोंब कुजतो. मधलं मिटलेलं पान हळूच ओढून बघा. घट्ट असेल तर ठीक. हातात आलं आणि बुडाला कुजकट वास असेल तर कुजलेला भाग साफ करा, बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड टाका, कुंडी पावसातून बाजूला घ्या आणि वाट बघा. कधीकधी आतला कोंब जिवंत असतो आणि दोन-तीन महिन्यांनी आखूड, वाकडं का होईना, पान वर येतं.

शेवटी त्या श्रोत्याचा दुसरा प्रश्न. "ताजं बी मिळालंच, तर फुलोरा बघायला मी असेन का?" तुम्ही विशीत असाल तर शक्यता चांगली आहे. ब्राझीलचे बागरचनाकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी रिओच्या फ्लामेंगो पार्कमध्ये १९६० च्या दशकात श्रीताल लावले. ते स्वतः १९९४ मध्ये गेले. २०२५ च्या शेवटी त्यातली झाडं फुलली आणि लोक खाली उभे राहून मोबाईलवर फोटो काढत होते.

तेव्हा लावायचा असेल तर एवढं करा. बी कुठल्या गावातल्या कुठल्या झाडाचं, कधी पेरलं, कधी उगवलं हे लिहून ठेवा. पेनने नको, पाच वर्षांत उडून जातं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्याने कोरा आणि कुंडीला तारेने बांधा, खोडाला नाही. ड्रम पुरेनासा व्हायच्या आत गावची शाळा, देवस्थानची मोकळी जागा किंवा कॉलेजचं आवार बघून ठेवा, आणि तिथल्या लोकांशी रोप द्यायच्या आधी बोला. पाटीवर झाडाच्या नावाखाली आणखी एक ओळ कोरा: "हे झाड एकदाच फुलेल. फुललं की तोडू नका, वर्षभर थांबा, बिया गोळा करा."

ज्यांना रावणताडाचं ताजं बी कुठे मिळतं हे माहीत आहे, त्यांनी मेसेज करा. झाडाखाली पडलेली फळंच घ्या, आणि जागा कुणाची असेल त्याला विचारून. पुढच्या एपिसोडमध्ये भेरली माड, कबूल केल्याप्रमाणे.